साड्या पाहायला आलेली माणसं

मु. वडपिंपरी, पो. नरखेड
४ नोव्हेंबर १९७९

चि. जयाले आजीचा जयभीम.

सगळ्यात आधी आली जलालखेड्याची शोभाताई. तिच्या मागून तिची जाऊ, अन् मंग आपली तुळसाबाई, जिले कोणी बोलावलं नव्हतं. तिले बोलवा लागतच नाही. आपल्या चुलीवर चहाचं आधण ठेवलं का तिले तिच्या घरी बसून समजते. शोभाताई तुले आठवते का? लग्नं जुळवते तेच. तुह्या मावशीचं तिनंच जुळवलं होतं, अन् जुळवतानी नवरदेवाच्या एका डोळ्याचं सांगाचं राहून गेलं होतं. आता सुधारली म्हणते.

तं शोभाताई मले म्हणे, भीमाबाई, तुमची नात काय करून राहिली? मी म्हटलं, नोकरी. नागपुरात, बर्डीवर, किरण भांडारात. चार शहरांत चार दुकानं हायेत, नागपूर, अमरावती, रायपूर, जबलपूर, अन् चारीचं नाव एकच, जशी एका बापाची लेकरं. खाली भांडे, मधात साड्या, त्याच्या वर खेळणे अन् पलंग. दाराशी एक माणूस उभा राहते, त्याले दुसरं काम नाही, लोकाहीसाठी दार उघडाचं.

तुळसाबाई म्हणे, मंग साड्या इकते म्हणा ना सरळ. मी म्हटलं, तुहा जावई हाटात बसून कांदे इकते, त्याले इकणं म्हणतात. माही नात दाखवते. घेणं न घेणं लोकाहीचं काम.

खरं सांगू का जया, मले लय बरं वाटते वं. माह्या लग्नाच्या वेळेस बाजारातला कापडवाला आमाले पायरीखाली उभं करे अन् लुगडं वरून फेके. हात लावून पाहू देत नव्हता. अन् माही नात त्याच्याहून दहा हिस्से मोठ्या दुकानात गादीच्या त्या बाजूनं उभी हाय. हे मी शोभाताईले सांगितलं. तिले दोनदा सांगितलं.

तुहा बाप दादाजी बागेत संत्र्याच्या पेट्या भरून राहिला. गुडघा दुखतेच त्याचा. तुही माय बरी हाय.

मी शोभाताईले एक गोष्ट सुचवली हाय, ते आता सांगत नाही. तुह्या दुकानात खेड्यातलं कोणी आलं तं चांगलं दाखवजो. हात आखडू नको. कागद भरला.

तुही आजी
भीमाबाई

---

इंदोरा, नागपूर
२१ नोव्हेंबर १९७९

ती. आजीस सप्रेम जयभीम.

पत्र मिळालं. आत्याच्या घरी सगळे हसले, विशेषतः कांद्यावर.

तू लिहितेस की मी उभी आहे. खरंच उभी आहे गं. सकाळी शटर उघडल्यापासून रात्री पडेपर्यंत. गिऱ्हाइकांसाठी खुर्च्या आहेत, त्या रिकाम्या असल्या तरी आम्ही बसायचं नाही. पंखेसुद्धा खुर्च्यांवर आहेत, आमच्यावर नाहीत. संध्याकाळी पायाच्या घोट्याला बोट लावलं तर खळगा पडतो आणि थोडा वेळ तसाच राहतो. पाणी प्यायचं तर मागच्या जिन्यात जाऊन. घरी जाताना मागच्या दाराशी आमच्या पिशव्या उघडून पाहतात. पहिल्या दिवशी मला रडू आलं होतं, आता मी दाराजवळ पोचायच्या आधीच पिशवी उघडून धरते.

हे तक्रार म्हणून लिहीत नाही. साड्यांच्या मजल्यावर मी आणि सुभद्रा, आम्ही दोघी नव्या आहोत. फेब्रुवारीत दोघींपैकी एकीला कायम करणार आणि दुसरीला घरी पाठवणार. मी कायम झाले तर आत्याच्या ओसरीतून निघून एक खोली घेईन. बाबांना पेट्या भरायला जाऊ देणार नाही. त्यांचा गुडघा धंतोलीत मोठ्या डॉक्टरला दाखवीन. एवढं एकच माझ्या डोक्यात आहे, म्हणून पाय दुखले तरी चालतात.

परवा एक गंमत झाली. लाल फेट्याचे एक काका, त्यांची बायको आणि एक म्हातारी असे तिघं आले. लग्नाची खरेदी म्हणाले. मी सगळं कपाट खाली काढलं. साडी खांद्यावर टाकून दाखवली. काकू म्हणाल्या, जरा तिकडं उजेडात जाऊन दाखव. मी गेले. म्हातारीनं विचारलं, कितवी शिकली? मी म्हटलं, मॅट्रिक. म्हातारीनं माझा हात हातात घेऊन तळवा पाहिला. मला वाटलं, साडीचा पोत पाहता पाहता चुकून धरला. दुपार सगळी गेली. मग उठले आणि काही न घेता निघून गेले. सगळ्या साड्यांच्या घड्या मी जुन्या मोडीवर परत घातल्या, कारण नवी मोड पडली तर साडी वापरलेली दिसते.

तू शोभाताईला काय सुचवलंस?

तुझी
जया

---

वडपिंपरी
२ डिसेंबर १९७९

चि. जयाले आजीचा जयभीम.

आता सांगते. लाल फेटा म्हणजे बोरखडीचे वामनराव. बायको मीराबाई. म्हातारी त्याहीची माय, तिले कमी दिसते म्हणून तिनं हात धरला. पोरगा गोविंदा, एसटीच्या डेपोत कामाले हाय, दारू पीत नाही, दोन्ही डोळे शाबूत हायेत, मी तीनदा विचारून घेतलं.

जया, तू पसंत पडली वं.

मी शोभाताईले हेच सुचवलं होतं, का पोरीले घरी बसवून पाहू नका, दुकानात जाऊन पाहा. तिले सांगू नका. गिऱ्हाईक म्हणून बसा, साड्या काढाले लावा. मले कसं पाहिलं होतं, तुले ठाऊक हाय का? आंगणात बसवलं. सासऱ्यानं चालाले लावलं. सासूनं माहा आंबाडा सोडून केस ओढून पाहिले, खरे हायेत का गंगावन हाय म्हणून. मी खाली मान घालून होती अन् मातीत मुंगळे जात होते, तेच पाहत होती. तवाच ठरवलं होतं का माह्या घरच्या पोरीले असं बसू देणार नाही. आता तुले कोणी बसवलं नाही. तू आपल्या कामात उभी होती, चांगली इस्त्रीची साडी नेसून, वर लाईट लागलेले. मीराबाई म्हणे, एवढ्या साड्या काढल्या पण पोरीच्या कपाळाले आठी नाही. अशी सून कुठी भेटते. वामनराव म्हणे, नोकरीवाली हाय अन् गर्व नाही.

हे आयकून सारा तालुका जागा झाला. शोभाताईनं अजून तीन घरं सांगितली हायेत, एक पांढुर्ण्याचं, दोन इकडचे. मी म्हटलं, जाऊन पाहा, दुकान सगळ्याहीले उघडं हाय.

तुही माय म्हणे, पोरीले इचारलं का? मी म्हटलं, इचारलं तं लाजन, अन् लाजली तं साड्या कोण दाखवन?

तुही आजी
भीमाबाई

---

इंदोरा
१२ डिसेंबर १९७९

ती. आजीस जयभीम.

तुझं पत्र दुपारच्या सुट्टीत मागच्या जिन्यात वाचलं. तू मला आंगणात बसण्यापासून वाचवायला हे केलंस, हे समजतं. त्यामुळे मला तुझ्यावर रागावता येत नाही. पण एक गोष्ट तुला माहीत नाही, ती सांगते.

आमच्याकडे गिऱ्हाईक रिकाम्या हातानं गेलं तर तो गिऱ्हाइकाचा दोष नसतो, दाखवणारीचा असतो. मजल्यावर गिरिधर साहेब आहेत. ते दिवसभर खांबाजवळ उभे असतात आणि कोणाच्या समोरून कोण तसंच उठून गेलं, हे पाहतात. शनिवारी जबलपूरच्या मोठ्या दुकानाला कळवतात. सुभद्राच्या समोरून क्वचित कोणी उठतं. माझ्या समोरून त्या दिवशी तिघं उठले. परवा पांढुर्ण्याच्या चार बायका आल्या. मला वळायला लावलं, कपाटाच्या वरच्या फळीवरचं काढायला लावलं, माझी उंची पाहिली आणि उठल्या. काल आणखी दोघं. गिरिधर साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "जया मिस, सारे खेड्यावरचे लोक तुमच्याचपाशी काहून बसतात, अन् तुमच्याचपासून खाली हात काहून जातात?"

मी काय सांगू? मला पाहायला येतात, असं सांगू? इथे लग्न ठरलेल्या मुलीला ठेवत नाहीत. कायम झालेल्यांना चालवून घेतात, आमच्यासारख्यांना नाही.

आणि आजी, आधी मला माहीत नव्हतं तेच बरं होतं. आता कोणीही बाई खुर्चीवर बसली की मी तिच्या हाताकडे बघते, ही साडीला हात लावणार की मला. बोलता बोलता शब्द अडतो. खरी गिऱ्हाइकंसुद्धा ओळखू येईनात.

शोभाताईला थांबव. फेब्रुवारीपर्यंत तरी. मग ज्याला यायचं त्याला येऊ दे.

जया

---

वडपिंपरी
२३ डिसेंबर १९७९

चि. जयाले आजीचा जयभीम.

तू लिहिलं ते सारं समजलं, अन् मी तजवीज केली. शोभाताईले म्हटलं, आता नवीन घर नको. ती जराशी रुसली, अन् जातानी वावरातली वांगी तेवढी घेऊन गेली.

राहिले बोरखडीचे. त्याहीले नाही कसं म्हणाव? ते तं पसंत करून बसले. मी निरोप धाडला का वामनराव, पुन्हा गेले तं रिकाम्या हातानं उठू नका, त्यानं पोरीचं नाव खराब होते. माणूस मोठा समजदार निघाला. सोमवारीच नवरा-बायको गेले अन् आंब्याच्या रंगाची साडी घेऊन आले, काठाले हिरवं. तू दाखवली असन, तुले तं ठाऊकच हाय. मीराबाई वापस जातानी आपल्या घरावरून गेली, पिशवी उघडून मले दाखवली. मी हात धुऊन हात लावला. मऊ किती वं. जसा वासराचा कान.

आता तुहा साहेब खुश असन. एक घर आलं, एक साडी गेली. अजून लागन तं सांगजो, तुळसाबाईच्या सुनेले रुमाल घ्यायचा हाय.

थंडी लय पडली. दादाजी पहाटे बागेत जाते तं हाताची बोटं वळत नाहीत. तो कोणाले सांगत नाही पण तुह्या फेब्रुवारीची वाट पाहून राहिला. मले काल म्हणे, माय, धंतोलीत डॉक्टर सुई टोचते का गुडघ्यात? मी म्हटलं, जया असन ना संगं.

तुही आजी
भीमाबाई

---

इंदोरा
२० जानेवारी १९८०

ती. आजीस जयभीम.

उत्तराला उशीर झाला. बरी आहे.

बोरखडीची माणसं ती आंब्याच्या रंगाची साडी घेऊन संक्रांतीनंतर परत आली. घरच्या म्हातारीला रंग आवडला नाही म्हणाले. साडी एका बारशाला नेसलेली होती. पदराला कसला तरी पाक लागून वाळला होता. आमच्याकडे नेसलेली साडी परत घेत नाहीत, हे मी हळूच सांगितलं. वामनराव मोठ्यानं म्हणाले, "परकं दुकान हाय का? सून उभी हाय आमची इथं."

ते प्रेमानंच म्हणाले. मजल्यावरच्या सगळ्यांनी वळून पाहिलं. गिरिधर साहेब खांबापासून चालत आले आणि त्यांनी फार आदरानं वामनरावांना खुर्ची दिली, चहा मागवला, साडी परत घेतली. 

दुसऱ्या दिवसापासून मला सगळ्यात वरच्या मजल्यावर काम दिलं आहे. तिथे गिऱ्हाईक नसतं. काळजी करू नको. बाबांना थंडीत कान बांधून जायला सांग.

जया

---

वडपिंपरी
२९ जानेवारी १९८०

चि. जयाले आजीचा जयभीम.

वरच्या मजल्यावर! मी पत्र वाचून आधी दादाजीले हाक मारली, मंग तुळसाबाईले मारली, म्हटलं तिले आज मीच बोलावते. पोरगी खालून वर गेली. साहेब लोक वरच बसतात, हे तं आमाले इथं बसूनही समजते. नरखेडच्या कचेरीतही शिपाई खाली अन् साहेब वर. गिऱ्हाइकाची कटकट नाही म्हणते, मंग अजून काय पाहिजे? बसाले खुर्ची भेटली असन. खिडकीतून सारी बर्डी दिसत असन.

पाहा, माणसानं मोठ्यानं सून म्हटलं त्याचं कसं झालं. साहेबानं ओळखलं का पोरगी चांगल्या घरात जाणार हाय. चहा काय उगाच पाजते कोणी?

साडी वापस केली ते मले पसंत नाही पडलं. नेसलेलं लुगडं कोणी वापस करते का? मी मीराबाईले म्हणणार हाय. पण पाहुणे हायेत, सांभाळून म्हणीन.

ते मार्चात येतो म्हणतात, तारीख काढाले. लग्न बुद्धपौर्णिमेच्या आगंमागं करू. तुही माय आतापासून गहू निवडून राहिली. तू फेब्रुवारीत कायम झाली का एक कार्ड टाकजो. दोनच शब्द लिहिजो, चालते.

तुही आजी
भीमाबाई

---

इंदोरा
२४ फेब्रुवारी १९८०

ती. आजीस जयभीम.

तुझं पत्र आलं तेव्हाच खरं लिहायला हवं होतं. तू तुळसाबाईंना हाक मारून बोलावलंस हे वाचलं आणि हात उचलला नाही.

वरचा मजला म्हणजे गोदाम. तिथे खिडकी नाही. पत्र्याखाली गठ्ठे उघडायचे आणि साड्यांना दोऱ्यानं किमतीच्या चिठ्ठ्या बांधायच्या. ज्या मुलीला काढायचं असतं तिला आधी वर पाठवतात, म्हणजे गिऱ्हाइकांना आणि बाकीच्या मुलींना तिची सवय मोडते. हे मला तिथल्या हमालानं सांगितलं. त्यानं अशा पुष्कळ मुली पाहिल्या आहेत.

पंधरा तारखेला सुभद्राला कायम केलं. मला गिरिधर साहेबांनी बोलावलं. वाईट बोलले नाहीत. "तुमचं तं जमलंच आहे ना आता, मिस," म्हणाले. मी म्हटलं, माझं काही जमलेलं नाही. ते हसले. त्यांना वाटलं, मी लाजते आहे.

आत्याला सांगितलं आहे. आता मी इथेच गल्लीत एका शिंप्याकडे साड्यांना फॉल लावते. दिवसभर बसूनच काम आहे. घोट्यांची सूज उतरली. पण शिंप्याकडचं काम रोज असतंच असं नाही, त्यामुळे खोलीचं काही होणार नाही. बाबांना धंतोलीचं आत्ता काही सांगू नकोस. नाही, सांग. वाट पाहायला नको.

बोरखडीच्या लोकांना तू सांगशील की मी लिहू? गोविंदाला मी पाहिलेलं नाही. बरा असेल. मी लग्नाला नाही म्हणत नाही. पण आजी, त्या लोकांनी मला पाहिलं ते दुकानात, त्या उजेडात, ती साडी खांद्यावर टाकून. साड्या दुकानाच्या होत्या, उजेड दुकानाचा होता. कपाळाला आठी नव्हती, तीसुद्धा दुकानानं सांगितलं म्हणून नव्हती. आता मी दुकानात नाही. ते कोणाला सून करून नेणार, हे त्यांना एकदा विचार.

तुझी
जया

---

वडपिंपरी
९ मार्च १९८०

चि. जयाले आजीचा जयभीम.

तुहं पत्र मी आधी एकटीनं वाचलं. मंग दादाजीले वाचून दाखवलं. तो म्हणे, गुडघा तसाही बरा हाय आता. अन् उठून बाहेर गेला, तं उंबऱ्यावर हात टेकून उठला. तुही माय गव्हाचं पोतं शिवत होती, शिवतच राहिली.

काल बोरखडीचे आले. सगळ्यात आधी वामनराव, मंग मीराबाई. म्हातारी आली नाही, तिचे पाय दुखतात म्हणे. शोभाताईही आली. ती आंगणातच मले बाजूले घेऊन म्हणे, अजून एक घर हाय, सावनेरकडचं, दुकानात पाहाले जातो म्हणतात. मी म्हटलं, शोभे, आता दुकान नाही. अन् यापुढं माह्या नातीले पाहाचं असन तं आधी तिले इचारून ये.

तुळसाबाई आली नाही. मी बोलावलं होतं तरी. तिनं घरूनच चहाच्या कपात साखर धाडली. तिले कसं समजलं, कोण जाणे. बोलावलं अन् आली नाही, हे त्या बाईचं पहिल्यानच पाहिलं.

मी पाहुण्याहीले चहा दिला. वामनराव तारखेचं काढणार तेवढ्यात मीच म्हटलं, "वामनराव, पोरीची नोकरी गेली."

ते म्हणे, "कशी काय गेली?"

मी म्हटलं, "पाहून पाहून गेली."

त्याहीले समजलं नाही. मंग मी सारं सांगितलं, रिकाम्या हातानं उठलेले लोक, नेसलेली साडी, पत्र्याखालचं गोदाम. मीच शोभाताईले धाडलं होतं, तेही सांगितलं. मीराबाईच्या डोळ्याले पाणी आलं, खोटं काहून सांगू. ती म्हणे, "पण पोरगी तं तेच हाय ना."

वामनराव म्हणे, "हो. पोरगी तेच हाय."

अन् आपल्या वाहणा कुठी काढल्या ते पाहाले लागले.

मी तुहं म्हणणं इचारलं, का कोणाले सून करून नेता. वामनराव म्हणे, घरी म्हातारीले इचारतो, गोविंदाले इचारतो. गोविंदाले इचाराचंच होतं तं आधी इचारलं असतं. पण मी तोंडावर बोलली नाही. मीही तुले कुठी इचारलं होतं.

चहा अर्धा ठेवला त्याहीनं. मीराबाईनं निघतानी माहा हात धरला अन् सोडला.

तू इकडं ये म्हणणार होती. पण येऊन काय करशीन, पेट्या भरशीन? तठीच राहा. फॉल लाव. बसून काम हाय तं बसून कर. माह्यासाठी एक कर, लग्नासाठी फोटो काढू नको, काही धाडू नको, फक्त घोट्याची सूज पुन्हा आली तं लिहिजो. आली अन् लिहिलं नाही, असं करू नको.

वामनरावाले मी कधी येता असं इचारलं नव्हतं. आंगणाच्या बाहेर जाऊन, फेटा नीट करून, तेच म्हणे, बुधवारी येतो. बुधवारी बोरखडीचा बाजार राहते. वामनरावाचं तिथं दोर-दाव्याचं दुकान हाय, अन् बुधवारी तो माणूस मौतीलेही गाव सोडत नाही, हे साऱ्या पंचक्रोशीले ठाऊक हाय. मी म्हटलं, या. बुधवारी या.